वस्तीतली संध्याकाळची अभ्यासिका : आठवी ते अकरावीच्या मुलांसाठी ती कशी सुरू करावी आणि टिकवावी

शिक्षणहक्क कायद्याने सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला मोफत आणि सक्तीच्या शिक्षणाचा हक्क दिला. कायदा २००९चा, अंमल १ एप्रिल २०१०पासून. मुंबई-पुण्याच्या वस्त्यांमध्ये आज शाळेत नावच घातलेलं नाही असं मूल क्वचित सापडतं. गळती सुरू होते ती आठवीनंतर. महापालिकेच्या बऱ्याच शाळा सातवी-आठवीला संपतात, पुढची शाळा लांब असते, नववीपासून पुस्तकं विकत घ्यावी लागतात. नेमक्या त्याच सुमाराला घरच्यांना मुलगा हाताशी आलेला दिसतो आणि मुलीच्या बाहेर जाण्यायेण्याची काळजी सुरू होते. या दोन-तीन वर्षांत कुणी सोबत राहिलं तर मूल दहावीपलीकडे जातं. नाहीतर शाळा कधी सुटली हे घरच्यांनाही नीट सांगता येत नाही.

एखादं मंडळ, महिला बचत गट, कॉलेजचं राष्ट्रीय सेवा योजनेचं पथक, निवृत्त शिक्षक किंवा नुसते चार मित्र, ज्यांना अशा मुलांसाठी काही करायचं आहे त्यांच्यासाठी हा लेख आहे. माझं ठाम मत असं की या वयाच्या मुलाला दोन गोष्टी लागतात: रोज ठरल्या वेळी उघडणारी एक खोली, आणि आपण आलो की नाही याची दखल घेणारं एक मोठं माणूस. शिकवणी या दोन्हींच्या आधाराने चालते. नुसत्या शिकवणीवर उभ्या केलेल्या अभ्यासिका दिवाळीपर्यंत निम्म्या रिकाम्या होतात.

आधी वस्तीत फिरा

फळा, खुर्च्या, बॅनर यांच्या मागे लागण्याआधी महिनाभर गल्लीगल्लीत फिरा. अंगणवाडी सेविका आणि आशाताई यांना प्रत्येक घर माहीत असतं. त्यांच्यासोबत फिरलात तर दार उघडतं आणि पाणी विचारलं जातं. आठवी ते दहावीच्या वयाची मुलं कोणत्या घरात आहेत, कोणत्या शाळेत जातात, आणि नाव पटावर असूनही प्रत्यक्षात कोण जात नाही, हे वहीत लिहा.

सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आईला विचारायचा: संध्याकाळी सहा ते आठ तुमचं पोरगं कुठे असतं? उत्तरात सगळी अभ्यासिका दडलेली असते. नळाला पाणी साडेसहाला येत असेल तर मुली सातच्या आधी येणार नाहीत. आई धुण्याभांड्याच्या कामावरून आठला परतत असेल तर धाकट्या भावाला सांभाळणारी मुलगी त्याला कडेवर घेऊनच येईल, आणि तिला तसं येऊ द्यावं लागेल. मुलगा टपरीवर किंवा गॅरेजमध्ये असेल तर तो नऊपर्यंत मोकळा होत नाही. लग्नसराईत केटरिंगच्या कामाला जाणारी मुलं रात्री उशिरा येतात आणि सकाळी शाळेत डुलक्या घेतात. वेळ तुमच्या सोयीने ठरवलीत तर ज्यांना सर्वांत जास्त गरज आहे तीच मुलं बाहेर राहतील.

पहिल्या वर्षी वीस-पंचवीसपेक्षा जास्त मुलं घेऊ नका. हुशार मुलांची निवड करण्याचा मोह होईल, कारण त्यांचे आईवडील स्वतःहून येतात. निम्म्या जागा तरी अशा मुलांसाठी राखा ज्यांच्या घरी तुम्हालाच दोनदा जावं लागलं.

जागा

समाजमंदिर, बुद्धविहार, गणेश मंडळाची खोली, दुपारनंतर रिकामी असलेली बालवाडी, महापालिकेच्या शाळेतला वर्ग. यातलं काहीतरी मिळतं. शाळेचा वर्ग हवा असेल तर मुख्याध्यापकांशी बोलून थांबू नका, शिक्षण विभागाची लेखी परवानगी घ्या, नाहीतर मुख्याध्यापक बदलले की कुलूप लागतं. जागा कुणा नगरसेवकाच्या किंवा इच्छुकाच्या कार्यालयात असेल तर निवडणुकीच्या वर्षी काय होईल याचा आधीच विचार करा.

दहा बाय बाराची खोली चालते. उजेड, पंखा आणि मुलींना वापरता येईल असं जवळचं स्वच्छतागृह, या तीन बाबतीत तडजोड नको. मुलगी आठवीत असो की दहावीत, स्वच्छतागृह लांब असेल तर ती पाळीचे चार दिवस येत नाही आणि कारणही सांगत नाही. येण्याजाण्याची वाट अंधारी असेल तर मुलींनी गटाने परतायचं आणि शेवटच्या घरापर्यंत अभ्यासिकेतल्या ताईने सोबत जायचं, हा नियम पहिल्याच दिवशी करा. आयांचा विश्वास याच गोष्टीने बसतो.

खायला काहीतरी ठेवा. चणे, शेंगदाणे-गूळ, केळं, पोहे. दुपारी अकराला जेवलेलं मूल सात वाजता समीकरणं सोडवू शकत नाही. मुंबईत रात्रशाळांची जुनी परंपरा आहे. तिथे २००८पासून काम करणाऱ्या 'मासूम' संस्थेने रात्रशाळा सुधारताना कामावरून थेट वर्गात येणाऱ्या विद्यार्थ्यांच्या खाण्याचीही सोय केली, ती याच कारणाने.

कुठे अडलंय ते आधी शोधा

पहिल्या आठवड्यात पाठ्यपुस्तक उघडूच नका. प्रत्येक मुलाला बाजूला बसवून, इतरांना ऐकू जाणार नाही अशा बेताने, दुसरी-तिसरीच्या पातळीचा एक परिच्छेद मोठ्याने वाचायला द्या आणि चार गणितं घाला. यात लाज वाटू नये याची काळजी तुम्हीच घ्यायची.

मी नववीच्या मुलांना नेहमी एक भागाकार देते: ४०३५ भागिले ५. उत्तर ८०७. बरीच मुलं ८७ लिहितात. पाचाने चाळीसला भाग गेला, आठ लिहिले. तीन खाली घेतले, भाग जात नाही, म्हणून पुढचे पाच घेतले, पस्तीस झाले, सात लिहिले. मधलं शून्य लिहायचं राहिलं. हेच मूल शाळेत दोन चलांतली रेषीय समीकरणं फळ्यावरून उतरवून घेत असतं आणि त्याच्या वहीत सगळं बरोबर असतं. वही तपासून हे कधीच कळणार नाही. त्याला विचारा, 'आठशेच्या आसपास उत्तर यायला हवं की ऐंशीच्या?' तो थांबतो, बोटं मोजतो, आणि मग स्वतःच शून्य भरतो. त्या एका शून्याच्या मागे स्थानिक किंमत पक्की नसणं आहे, आणि ते पाचवीपासून तसंच राहिलेलं आहे.

हे तुमच्याच वस्तीत आहे असं समजू नका. २०२३च्या 'असर' या शैक्षणिक पाहणीत ग्रामीण भागातल्या १४ ते १८ वयाच्या मुलामुलींना भेटण्यात आलं. त्यातल्या चौथ्या हिश्शाला दुसरीच्या पातळीचा मजकूर प्रादेशिक भाषेत सफाईने वाचता येत नव्हता, आणि तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागणं जेमतेम ४३ टक्क्यांना जमत होतं. नववीचं पुस्तक या मुलांना समोरून शिकवत राहणं म्हणजे त्यांच्या डोक्यावरून बोलणं.

शिकवणं

चाचणीनंतर मुलांचे गट इयत्तेप्रमाणे करू नका, पातळीप्रमाणे करा. पहिले दोन-तीन महिने रोज एक तास पाया: वाचन, भागाकार, अपूर्णांक, शेकडेवारी, साधी इंग्रजी वाक्यं. दुसरा तास शाळेच्या अभ्यासाचा. शिकवायला पदवीधर शिक्षकच हवा असं नाही. मुंबई आणि वडोदऱ्यात 'प्रथम' या संस्थेच्या बालसखी उपक्रमाचा २००१ ते २००३ या काळात अर्थशास्त्रज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो आणि सहकाऱ्यांनी काटेकोर अभ्यास केला. वस्तीतल्याच तरुण मुली, महिन्याला अगदी थोडं मानधन, मागे पडलेल्या सुमारे वीस मुलांना रोज दोन तास बाजूला घेऊन शिकवणं, एवढंच होतं. गुण स्पष्ट वाढले, आणि सर्वांत जास्त वाढले ते सर्वांत मागे असलेल्या मुलांचे. उपक्रमातून बाहेर पडल्यावर वर्षभरात त्यातला बराच फायदा ओसरला, हेही त्याच अभ्यासात दिसलं. ती मुलं प्राथमिकची होती, पण धडा मोठ्या मुलांनाही लागू पडतो: एक वर्ष शिकवून सोडून दिलं तर हाती फार थोडं उरतं.

किशोरवयीनांसाठी शिकागोमधला प्रयोग अधिक जवळचा आहे. तिथल्या गरीब भागातल्या नववी-दहावीच्या मुलांना रोज एक तास, एका शिकवणाऱ्यामागे दोनच मुलं, अशी गणिताची शिकवणी दिली गेली. शिकवणारे बहुतेक नुकतेच पदवीधर झालेले. गणितातले गुण चांगलेच वाढले आणि नापास होण्याचं प्रमाण घटलं. आपल्याकडे एकास दोन जमणार नाही. एकास पाच-सहा जमवा, आणि रोजच्या रोज हे मात्र पाळा. आठवड्यातून एकदा तीन तास घेतल्याने ते साधत नाही.

बारावी झालेल्या, वस्तीतच राहणाऱ्या मुली यासाठी उत्तम. त्यांना मानधन द्या. फुकट काम करणारी मुलगी पहिली नोकरी मिळाली की जाते, आणि त्यात तिची चूक नसते.

दादा आणि ताई

शिकवणारे वेगळे आणि सोबत करणारे वेगळे ठेवता आले तर बरं. सोबत करणारा दादा किंवा ताई तीन-चार मुलांचीच असावी. बँकेत काम करणारी, नर्सिंगला असलेली, आयटीआय करून कारखान्यात लागलेला, कुणीही चालेल. मुलांच्या ओळखीच्या आयुष्यातून दोन पावलं पुढे गेलेला माणूस सर्वांत उपयोगी, कारण 'मला कसं जमलं' याचं त्याचं उत्तर मुलांना पटतं.

या कामात येणाऱ्यांकडून एक वचन लेखी घ्या: निदान एक वर्ष, आठवड्यातून एक ठरलेला वार. ही अट कडक वाटली तरी सोडू नका. अमेरिकेत 'बिग ब्रदर्स बिग सिस्टर्स' या जुन्या संस्थेत मूल आणि त्याला सोबत करणारं मोठं माणूस अशा ज्या जोड्या लावतात, त्यांचा जीन ग्रॉसमन आणि जीन ऱ्होड्स यांनी अभ्यास केला, तो २००२ साली प्रसिद्ध झाला. वर्षभर टिकलेल्या नात्यांनी मुलांना सर्वांत जास्त फायदा झाला. तीन महिन्यांच्या आत तुटलेल्या नात्यांनी मुलांचा स्वतःवरचा विश्वास आधीपेक्षा कमी झाला. म्हणजे येऊन निघून जाणारा दादा न आलेल्या दादापेक्षा वाईट. परीक्षेचं वर्ष असलेले, लवकरच परगावी जाणारे, 'बघू, जमेल तसं' म्हणणारे, यांना वाढदिवस, सहल, पुस्तकांची आवराआवर अशी कामं द्या. मूल सोपवू नका.

भेटीत काय बोलायचं? 'अभ्यास कसा चाललाय' विचारलं की 'चाललाय' एवढंच उत्तर येतं. त्यापेक्षा वर्गात कुणाशेजारी बसतोस, शाळेतून येताना कुठे थांबतोस, घरी आज काय झालं, असं विचारा आणि गप्प राहायला शिका. नववीतली एक मुलगी आमच्याकडे आठवडेच्या आठवडे फक्त मान हलवायची. एका गुरुवारी वही बंद करताना म्हणाली, 'ताई, सोमवारपासून मी आईसोबत एक घर धरतेय.' ताईने शिक्षणाचं महत्त्व सांगितलं नाही. कोणतं घर, किती वाजता, किती मिळणार, कुणी ठरवलं, एवढं विचारलं. दुसऱ्या दिवशी ताई तिच्या आईला भेटली. वडिलांचं काम सुटलं होतं. आईने एक घर जास्त धरलं होतं आणि ते शाळेच्या वेळेत येत होतं. आईनेच मग मालकिणीशी बोलून वेळ सकाळी साडेसहाची करून घेतली. काम सुटलं नाही, पण शाळाही सुटली नाही. त्या घराला त्या महिन्यात हीच गोष्ट शक्य होती, आणि ती वेळेवर कळली म्हणून झाली.

दादा-ताईंनी पैसे उसने देऊ नयेत, मोबाइल भेट देऊ नये, घरच्या भांडणात बाजू घेऊ नये. भेटीनंतर वहीत चार ओळी लिहाव्यात. महिन्यातून एकदा सगळ्यांनी बसून त्या वाचाव्यात.

सुरक्षेचे नियम

दार उघडं. खोलीत कायम दोन मोठी माणसं, त्यातली एक बाई. मुलांना एकट्याने घरी बोलवायचं नाही, रात्री खासगी मेसेज करायचे नाहीत. प्रत्येक स्वयंसेवकाची ओळखपत्रं आणि पोलीस पडताळणी. लैंगिक अत्याचाराचं काही कळलं तर 'घरचा मामला' म्हणून गप्प बसता येत नाही: पोक्सो कायदा, २०१२ च्या कलम १९ प्रमाणे माहिती असलेल्या प्रत्येकावर पोलिसांना कळवण्याचं बंधन आहे. १०९८ हा चाइल्डलाइनचा, म्हणजे मुलांसाठीच्या मदतीचा क्रमांक खोलीत मोठ्या अक्षरांत लावा. मुलगी 'गावाला चाललेय, पंधरा दिवसांनी येईन' म्हणाली आणि सुटी नसेल, तर त्याच दिवशी घरी जा. ठरलेली लग्नं अशाच वाक्यांमागे लपलेली असतात.

कागदपत्रं

या कामाचं कौतुक कुणी करत नाही, पण मुलांच्या हाती सर्वांत ठोस काही पडतं ते इथे. आठवीतल्या प्रत्येक मुलाची फाइल जूनमध्येच करा: जन्मदाखला, आधार, शिधापत्रिका, उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, आधारला जोडलेलं बँक खातं.

आठवीत एनएमएमएस ही शिष्यवृत्ती परीक्षा असते. सरकारी, स्थानिक स्वराज्य संस्थेच्या किंवा अनुदानित शाळेत शिकणाऱ्या आणि पालकांचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत असलेल्या मुलांना ती देता येते. सातवीत ५५ टक्के गुण हवेत, अनुसूचित जाती-जमातींसाठी ५०. निवड झाली तर नववी ते बारावी दर वर्षी १२,००० रुपये. बौद्धिक क्षमता आणि शालेय क्षमता असे दोन पेपर, प्रत्येकी ९० प्रश्न, ९० मिनिटं. राज्य परीक्षा परिषद ती घेते आणि अर्ज शाळेमार्फत जातात, म्हणून शाळेत जाऊन अर्ज भरला का हे स्वतः पाहा. महिन्याला हजार रुपये ही रक्कम लहान वाटते, पण मुलाला कामाला लावण्याचा विषय निघतो तेव्हा तेच हजार रुपये त्याच्या बाजूने बोलतात. पैसे पुढच्या वर्षीही हवे असतील तर नूतनीकरण करावं लागतं, आणि मुलं तिथेच गळतात.

जातीच्या दाखल्याला सर्वांत जास्त वेळ लागतो. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ या तारखांपूर्वीचा कुटुंबाचा रहिवास आणि जात दाखवणारा पुरावा लागतो. १९७२च्या दुष्काळात मराठवाड्यातून मुंबई-पुण्यात आलेल्या कुटुंबांचा हा पुरावा गावीच असतो. आजोबा किंवा चुलत आजोबा शाळेत गेले असतील तर त्या शाळेतून प्रवेश-निर्गम उतारा मिळतो. कुणीच शाळेत गेलं नसेल तर तहसील कार्यालयातून कोतवाल बुकाची, म्हणजे गावातल्या जन्म-मृत्यूंच्या जुन्या नोंदवहीची नक्कल काढावी लागते. कुटुंब सणाला किंवा जत्रेला गावी निघालं की कोणता कागद कुठून आणायचा ते चिठ्ठीवर लिहून द्या. दाखल्याची गरज दहावीच्या निकालानंतर समजली तर प्रवेशाची मुदत हातची जाते.

आणखी एक. शाळेच्या रजिस्टरमधलं नाव, आधारवरचं नाव आणि बँकेतलं नाव तंतोतंत एकच आहे का ते अक्षर न् अक्षर पाहा. दुरुस्ती दहावीचा परीक्षा अर्ज भरण्याआधी करून घ्या, नंतर ती फार अवघड होते.

गैरहजेरी

हजेरी रोज घ्या आणि तिसऱ्या दिवशी घरी जा. फोन पुरत नाही, कारण रिचार्ज संपलेला असतो किंवा फोन वडिलांकडे असतो. रागवायला जाऊ नका. 'तू नव्हतीस म्हणून आलो' एवढंच म्हणा. शाळेतल्या वर्गशिक्षकांशीही महिन्यातून एकदा बोला. नाव पटावरून कमी होण्याच्या बेतात असेल तर त्यांना सर्वांत आधी कळतं.

दहावी आणि त्यानंतरचे सहा महिने

दहावीत लेखी गणित बीजगणित आणि भूमिती अशा ४० गुणांच्या दोन पेपरांत विभागलेलं आहे, विज्ञानही तसंच. कच्च्या मुलांबरोबर जानेवारीत सगळं पुस्तक संपवायच्या मागे लागू नका. त्यांना पक्कं येणारे प्रकार निवडा, मंडळाच्या जुन्या प्रश्नपत्रिका घड्याळ लावून सोडवून घ्या. चित्रकलेत हात असलेल्या मुलांना एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षांना आठवी-नववीतच बसवा. त्यांचे वाढीव गुण दहावीत मिळतात. शाळा सुटलेली मुलं १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसू शकतात. त्यासाठी जूनपासूनच मंडळाच्या सूचनांवर लक्ष ठेवा.

निकालाच्या दिवशी अभ्यासिका सकाळपासून उघडी हवी, आणि दादा-ताईंनी रजा काढून यावं. नापास झालेलं मूल त्या दिवशी घरी जायला घाबरतं. त्याच्यासोबत तुम्ही जा, आणि जाताना दोन गोष्टी तोंडपाठ असू द्या: एक किंवा दोन विषय राहिले असतील तर एटीकेटीने अकरावीत प्रवेश मिळतो, आणि पुरवणी परीक्षा त्याच उन्हाळा-पावसाळ्यात होते. अर्जाची मुदत थोडी असते.

पास झालेल्यांना पुढच्या वाटा आधीच दाखवून ठेवा. मार्च-एप्रिलमध्ये, परीक्षा संपल्यावर, आयटीआय, तंत्रनिकेतन आणि कनिष्ठ महाविद्यालय प्रत्यक्ष दाखवायला न्या. इलेक्ट्रिशियनच्या वर्कशॉपमध्ये तासभर घालवलेला मुलगा प्रवेशाचा पसंतीक्रम विचार करून भरतो. मित्राने भरलं तेच आपण भरायचं, असं त्याचं होत नाही.

अकरावी हा दुसरा गळतीचा टप्पा आहे. कॉलेज लांब, वर्गात ओळखीचं कुणी नाही, विज्ञान शाखेत सगळं अचानक इंग्रजीत. अकरावीतल्या मुलांसाठी रविवारी सकाळची वेळ ठेवा, निदान दिवाळीपर्यंत. त्या बैठकीत आलेल्या प्रत्येकाचं महाडीबीटी या राज्य सरकारच्या शिष्यवृत्ती संकेतस्थळावरचं खातं मोबाइलवर उघडून शिष्यवृत्तीचा अर्ज कुठवर पोचला ते पाहा, कॉलेजने तो पुढे पाठवला नसेल तर सोमवारी कोण कॉलेजात जाणार ते तिथेच ठरवा, आणि न आलेल्यांची नावं त्यांच्या दादा-ताईंना त्याच दिवशी कळवा.